चांदणीचा मागचा डावा पाय

१

चांदणीचा मागचा डावा पाय निकामी झाल्याचं सकाळी साडेसातला कळलं, आणि तो कोणी केला हे आठ वाजेपर्यंत ठरूनही गेलं. जनावरांच्या डॉक्टरकीच्या त्या कॉलेजात साधा रजेचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडा लागतो. पण एखाद्या गरिबावर ठपका ठेवायचा असला की सगळ्यांच्या अंगात कुठून एवढी चपळाई येते, देव जाणे.

चांदणी ही कॉलेजची घोडी. वय सतरा, कपाळावर पांढरा ठिपका. मुलांनी तिच्या बरगड्या मोजाव्यात, सांधे चाचपावेत, पाय उचलून बघावेत, आणि तिने उभ्या उभ्या पेंगत ते सगळं चालवून घ्यावं, असं पंधरा वर्षं चाललेलं. तिचं दाणापाणी करणारा, खरारा करणारा मोतद्दार म्हणजे मामा. तो कोणाचाच सख्खा मामा नव्हता, पण प्राचार्यांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. ठपका त्याच्यावर होता.

मामा पावणेनऊला हाडांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बाई घोड्याच्या सांगाड्याच्या घोट्याला तेल देत होत्या. शरीररचना शिकवून निवृत्त झाल्याला त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी त्या येतच. तो सांगाडा त्यांनीच पंचवीस वर्षांपूर्वी तारा आणि स्प्रिंगा लावून उभा केलेला. त्याचा प्रत्येक सांधा हलायचा. बाईंनी घोटा मागेपुढे करून बघितला. वरचा गुडघा जागचा न हलता नुसता घोटा बिनबोभाट उघडला, मिटला. बाईंना बरं वाटलं. स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून हाडाला हाड लागलेलं असलं की दुसऱ्याचा सांधा चालताना बघण्यातही सुख असतं.

“बाई,” मामा म्हणाला, “बाराला तिला सुई देणार आहेत. कायमची.”

बाईंनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि त्याला स्टुलावर बसवलं. मग त्याच्याकडून सगळं हळूहळू निघालं. सकाळी पाण्यासाठी बाहेर काढलं तर घोडीचा पाय मागे लोंबत होता. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं, टाचेवरची जाड शीर तुटलीय म्हणाल्या, एवढ्या मोठ्या जनावराची ती जुळत नाही म्हणाल्या. विभागप्रमुखांनी लगेच कागदावर सही केली. आणि हेडक्लार्कना आठवलं की परवा घोडीने मामाच्या पायावर पाय दिला तेव्हा मामा तिच्यावर ओरडला होता, तुझं तंगडं मोडून ठेवीन म्हणून. अर्ध्या कॉलेजने ते ऐकलं होतं.

“बोललात तसं?” बाईंनी विचारलं.

“बोललो. अंगठा काळानिळा झाला होता माझा.”

“आणि मोडलंत?”

मामाने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हातातल्या टोपीचा पिळून पिळून बोळा झाला होता. नोकरीचं तो काहीच बोलला नाही. घोडीचंच बोलत राहिला. बाईंना त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला, नक्की कोणाचा ते अजून ठाऊक नव्हतं. त्यांनी हात पुसले, काठी घेतली आणि घड्याळाकडे बघितलं. बाराला तीन तास होते.

२

तबेल्यात चांदणी उभी होती. बाईंनी पहिली गोष्ट पाहिली ती हीच, की ती उभी होती. चारही पायांवर, डाव्यावरसुद्धा भार टाकून. त्या पायाला खुराच्या वर पांढरं कडं होतं आणि कड्यात एक काळा डाग. मुलं त्याला चांदणीचं घड्याळ म्हणायची.

डॉक्टरीणबाई तिथेच होती. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली, आधी शहरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काम केलेलं. तिचे डोळे लाल झाले होते आणि शेजारच्या ट्रेमध्ये सुई भरून ठेवलेली होती. तिने पाय हळूच मागे नेला. टाचेवरची शीर सुरकुतली, ओल्या कपड्याला चुणी पडावी तशी.

“बघा बाई, सैल पडलीय. तुटलीच आहे.”

“ती तुटली असती तर घोडी या पायावर उभी राहिली असती का, पोरी? घोटा खाली बसून टाच जमिनीला टेकली असती.”

डॉक्टरीणबाईने पाय हळूच खाली ठेवला. बाईंनी मामाला घोडी चार पावलं चालवायला सांगितली. पाय टेकला की ठीक होता. उचलला की मात्र वरचा भाग पुढे जायचा आणि खालचा मागेच रेंगाळायचा. बाईंनी तीनदा बघितलं, मग शेजारच्या खणातल्या म्हाताऱ्या खेचराकडे गेल्या आणि डॉक्टरीणबाईला म्हणाल्या, याचा मागचा पाय धर.

मागच्या पायात मधोमध जो मागे वळलेला सांधा दिसतो, त्याला लोक गुडघा समजतात. तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाला लागून, कातडीत अर्धा लपलेला. दोन्ही सांधे बिजागरीसारखे, उघडमीट करणारे. पण घोड्याच्या जातीत एक गंमत आहे. मांडीच्या हाडापासून निघून घोट्याच्या खालपर्यंत, नडगीच्या पुढच्या बाजूने एक चिवट वादी जाते. त्या वादीने गुडघा आणि घोटा एकमेकांना बांधलेले असतात. गुडघा मिटला की घोटा मिटणारच, गुडघा उघडल्याशिवाय घोटा उघडणार नाही. डॉक्टरीणबाईने खेचराचा गुडघा वाकवून धरला आणि घोटा सरळ करायचा प्रयत्न केला. तिच्या कपाळावर घाम आला, घोटा तसूभर सरळ होईना. मग तिने तेच चांदणीच्या डाव्या पायाला केलं. गुडघा वाकलेला राहिला आणि घोटा हातातून सरळ होत गेला, कुणी अडवणारंच नसल्यासारखा.

“वादी तुटलीय,” बाई म्हणाल्या. “म्हणून पाय लोंबतो, म्हणून मागची शीर सैल दिसते. ती वादी आपोआप जुळते. तीन महिने खणात बांधून ठेवायची, फिरवायची नाही, बास.”

मामाने भिंतीला हात टेकला. पण डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्यावरचा ताण काही गेला नाही. तिने खरं तेच सांगितलं. वादी तुटलीय हे पटलं, पण कशाने तुटली? मामाने पहार घातली असेल, तर आत मांडीच्या हाडालाही चीर गेली असणार, आणि आज ना उद्या घोडी उठता उठता ते हाड दुभंगणार. मोठ्या जनावरांचं एक्स-रे यंत्र महिनाभर बंद पडलेलं. नुसतं ओढून तुटली असेल तर गोष्ट वेगळी.

“कसं झालं ते कळलं तर मी ही सुई ओतून टाकते, सर काहीही म्हणोत,” ती म्हणाली. “नाही कळलं तर मला तिला तसल्या मरणाला सोडवणार नाही.”

हे बोलणं बाईंना आवडलं. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून सरळ खाली बसल्या आणि पायावरून बोटं फिरवली. खुराच्या वर, पांढऱ्या कड्यात, पुढच्या बाजूचे केस घासले गेले होते. मागच्या बाजूचे शाबूत होते. म्हणजे दोरी, आणि दोरीला ओढ मागून. मार कुठेच दिसत नव्हता, पण जाड केसांखाली मुका मार लपतो हेही बाईंना माहीत होतं.

मामाला काल संध्याकाळचं विचारलं. तो सकाळी दहाला बायकोला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता, पाचला परतला. घोडी खणातच बांधलेली होती. फिरवली नव्हती, दाणा पुढे ठेवला तर तिने अर्धा टाकला. खालचा ओठ लोंबत होता, मान खाली. त्याला वाटलं उन्हाने मरगळलीय.

बाई उठून घोडीच्या मानेकडे गेल्या. डाव्या बाजूला, केसांत, मसुराएवढी गाठ बोटाला लागली.

“पोरी, काल तू हिला कसली सुई दिलीस?”

“मी काल आलेच नव्हते, बाई.”

३

औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या दोन. एक डॉक्टरीणबाईच्या कमरेला. दुसरी विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये, आणि तो ड्रॉवर कधीच बंद नसतो, हे हेडक्लार्कने आपणहून सांगितलं. हेडक्लार्क म्हणजे कवटीच्या हाडांतला सांधा, शिवण घातलेला आणि जन्मभर न हलणारा. एकदा त्याच्या डोक्यात मामा बसला तो बसला. मामा पाचला आला, रात्रभर तबेल्याशेजारीच राहिला, दुसरं कोण होतं तिथे, हा त्याचा मुद्दा. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

काल घोडीजवळ आणखी कोण आलं होतं, असं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, नालबंद आला होता. बाई तडक फाटकाबाहेर निघाल्या. तडक म्हणजे त्यांच्या चालीने, दर वीस पावलांना थांबून.

नालबंद भात्यापुढे बसला होता. उंचापुरा, तोंडाने फटकळ, आणि आज जरा जास्तच. मोडला पाय की आधी नालवाल्याचं नाव घेतात, मला काय नवीन आहे, असं त्याने सुरुवातीलाच सुनावून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. त्याच्या रागात भीती होती, आणि भीती वाटायला कारणही होतं. घोड्याचा मागचा पाय मागे ओढून धरायचं काम रोज करणारा माणूस तिथे तोच एकटा.

“दोरी लावली होतीस?”

“तिला कशाला दोरी? पाय मागितला की देते ती. उचलला की सगळा पाय एकदम गोळा होऊन वर येतो, मागे नेला की सगळा एकदम मागे जातो. माणसाने तिच्या कलाने घ्यावं, बस.”

मग त्याने हिशोबवार सांगितलं. मागच्या खुराला चीर गेली होती म्हणून दोन महिने चांदणी मागून अनवाणी होती. काल अकराला तो आला, दोन्ही मागच्या पायांना नाल ठोकले, फाटकापर्यंत चालवून, दुडक्या चालीने पळवूनही बघितली. हेडक्लार्क व्हरांड्यात चहा पीत उभे होते. नवे बूट छान वाजतायत, असं म्हणालेसुद्धा. बाराला घोडी खणात बांधली आणि तो निघाला.

बाईंनी परत येऊन हेडक्लार्कला विचारलं. त्याने जरा आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. घोडी बाराला पळत होती. तो स्वतः एक वाजता घरी गेला. मुलांना सुट्टी होती, नंतर आवारात कोणी असल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

आपल्याच तोंडाने त्याने सांगितलं होतं की बाराला पाय धड होता. पण पाचनंतर तिथे मामा होता, हेही तसंच उरलं. बारा ते पाच हे पाच तास कोणाचे, ते कळल्याशिवाय मामा सुटत नव्हता आणि घोडी वाचत नव्हती. घड्याळात साडेदहा झाले होते. बाईंचे गुडघे आता उघड उघड भांडत होते. त्या जिना चढायला लागल्या.

४

विभागप्रमुख हा बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आपल्या जागी त्यानेच यावं म्हणून बाईंनी प्राचार्यांशी वाद घातला होता. त्याने उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. घोडीचं वाईट वाटतं, पण त्रास बघवत नाही, उगाच लांबवण्यात अर्थ नाही, असं म्हणाला. बोलताना तो बाईंकडे न बघता टेबलावरचा कागद सरळ करत होता. मामाबद्दल विचारलं तर म्हणाला, त्याबाबत मला काहीच म्हणायचं नाही, चौकशी होईल.

“काल किती वाजेपर्यंत होतास इथे?”

“बाराच्या आधीच गेलो, बाई. घरी पुस्तकाचं काम करत होतो. उद्या छापायला जायचंय.”

पुस्तकाचं नाव निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. सहा वर्षं त्याने त्यावर घालवली होती. सगळे सांधे, त्यांचे प्रकार, त्यांच्या हालचाली, आणि खास गोष्ट अशी की चित्रं नाहीत, प्रत्येक हालचालीचा जिवंत जनावरावरचा फोटो. बाईंनी पानं मागितली. टेबलावर गठ्ठाच होता. पहिल्या पानावर, बाईंना अर्पण, असं होतं. त्यांनी पान उलटलं.

न हलणारे सांधे आधी. मग थोडं हलणारे, मणक्यांमधले. मग उखळीचे सांधे, कुत्र्याचा मागचा पाय खुब्यातून चहूकडे फिरताना. गायीचा जबडा रवंथ करताना. पुढच्या पायाचा फोटो आणि खाली टीप, की हा पाय धडाला कुठल्याही सांध्याने जोडलेला नाही, नुसता स्नायूंनी टांगलेला आहे. ही टीप बाईंच्याच वर्गातली. सगळं नेटकं, सगळं बरोबर. मग बिजागरीचे सांधे, आणि घोड्याच्या घोट्याचं पान. दोन फोटो शेजारी शेजारी. एकात घोटा मिटलेला. दुसऱ्यात मांडी पुढे, गुडघा वाकलेला आणि घोटा उघडून सरळ झालेला. खालच्या कोपऱ्यात खूर, खुराच्या वर पांढरं कडं आणि त्यात काळा डाग.

बाई त्या पानावर थांबल्या. पाण्याचा पेला आला, तो तसाच राहिला.

“हे फोटो कधीचे?”

“सगळे गेल्या महिन्यातले.”

बाईंनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. खुराला नाल होता, खिळ्यांची डोकी लखलखत होती. क्षणभर त्यांना वाटलं, पान मिटावं आणि घरी जावं. घोडी म्हातारी आहे, मामाची रदबदली करता येईल, आणि या मुलाची सहा वर्षं आहेत. मग त्यांना पिळून बोळा झालेली टोपी आठवली.

“हे पान मी घेते,” त्या उठत म्हणाल्या. “साडेअकराला तबेल्यात ये. एक फोटो मला नीट कळला नाही. तू समजावून सांग.”

५

साडेअकराला तबेल्यात पाच माणसं होती. बाई, मामा, ट्रे झाकून उभी असलेली डॉक्टरीणबाई, बोलावल्यामुळे आलेला हेडक्लार्क आणि विभागप्रमुख. त्याने घड्याळाकडे बघितलं. बाईंनी त्याला खेचराच्या खणात नेलं.

“हे तुझं पान. दुसऱ्या फोटोत आहे तसं करून दाखव. गुडघा वाकलेला ठेव आणि घोटा सरळ कर.”

त्याने बाह्या सरसावल्या. मामाने खेचराचं डोकं धरलं. विभागप्रमुखाने पाय उचलला, गुडघा वाकवला, घोटा मागे ओढला. खेचराला काही वाटलं नाही. घोटा हलला नाही. त्याने पकड बदलली, पुन्हा ओढलं. गुडघा उघडला की घोटा उघडत होता, गुडघा धरला की घोटाही धरला जात होता. त्याच्या मानेवरची शीर फुगली.

“जमत नाही ना?” बाई म्हणाल्या. “कोणालाच जमणार नाही. धडधाकट घोड्याचा पाय असा होतच नाही. त्याला आतली वादी तुटावी लागते. मग काल कसं जमलं?”

त्याने पाय खाली सोडला.

“फोटो गेल्या महिन्यातले आहेत,” तो म्हणाला, पण आवाज खोल गेला होता.

बाईंनी पान हेडक्लार्कच्या हातात दिलं आणि फोटोतल्या पायात काय आहे ते विचारलं. हेडक्लार्कने डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. नाल आहे, तो म्हणाला. आणि म्हणताना त्याला व्हरांड्यातला चहा आठवला असावा, कारण त्याने पुढचं वाक्य स्वतःच पुरं केलं. मागच्या पायांना नाल कालच बसले, बाराला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“मामा पाचला आला,” बाई म्हणाल्या. “फोटोत भरदुपारचं ऊन आहे. मानेत गुंगीच्या औषधाची सुई टोचलीय, ती टोचायला ना मामाला येत, ना नालबंदाला. आणि कॅमेरा तुझ्या कपाटात असतो. मला मारामारी करायची नाही तुझ्याशी. मला एवढंच सांग, मारलंस की ओढलंस? हिचं हाड शाबूत आहे की नाही, ते त्यावर ठरायचंय.”

विभागप्रमुख खाली बसला, तिथेच, गवतावर. मग बोलला.

“ओढलं. नुसतं ओढलं, बाई. मारलं नाही.”

तेवढा एक फोटो काढायचा राहिला होता. सुट्टी होती, आवार रिकामं होतं, नालबंद आणि हेडक्लार्क दोघेही गेले होते. त्याने घोडीला तपासणीच्या खोड्यात, चार खांबांच्या मध्ये, उभं केलं. थोडी गुंगी दिली. मांडीखाली पट्टा घालून गुडघा वाकवून धरला, खुराच्या वर दोरी लावून मागच्या खांबाला वळसा दिला. पहिला फोटो सहज निघाला. दुसऱ्याला घोटा उघडेना. त्याला वाटलं घोडी अंग आखडून धरतेय. त्याने दोरीवर सगळं वजन टाकलं.

“एकदम सैल झालं. मला वाटलं तिने हट्ट सोडला. फोटो फार छान आला म्हणून मी...” तो थांबला. “मी खूश होतो, बाई. तिला खणात नेताना तिची चाल वेडीवाकडी होती, ते मी गुंगीवर ढकललं. घरी जाऊन पान लावलं. सकाळी हेडक्लार्कनी सांगितलं तेव्हा कळलं.”

“आणि गप्प बसलास.”

“हो.”

मामा एवढा वेळ खेचराची मान धरून उभा होता. त्याने पाठ फिरवली. डॉक्टरीणबाईने ट्रेवरचं फडकं काढलं, सुई उचलली आणि सगळ्यांसमोर गटारात रिकामी केली. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

बाईंच्या मनात विजयाचा आनंद वगैरे काही नव्हता. त्या काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

“घोटा एकटा उघडतो हे तुला कोणी शिकवलं, ठाऊक आहे? माझ्या सांगाड्याने. त्यात हाडं आहेत, तारा आहेत, स्प्रिंगा आहेत. वादी नाही. ती मी फळ्यावर एकदा काढली असेन, पुसली असेन. चार वर्षं तुझ्या हातात हाडं दिली, जिवंत पाय असा धरून बघ म्हणून एकदाही सांगितलं नाही. एवढी चूक माझी. पण सकाळी साडेसातपासून आत्तापर्यंतची तुझी. ती मी वाटून घेणार नाही.”

विभागप्रमुख उठला. प्राचार्यांकडे जातो म्हणाला. जाताना मामासमोर थांबला, मग निघून गेला.

६

मामावरचा ठपका मागे घेतल्याचा कागद व्हरांड्यात लागला, आणि तो हेडक्लार्कला स्वतःच्या हाताने लावावा लागला. त्याने चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या, एरवी दोनच मारतो. विभागप्रमुखपद दुसऱ्या एकांकडे गेलं. पुस्तक त्या वेळी छापायला गेलं नाही.

बाई त्या आठवड्यात मंगळवारची वाट न बघता आल्या. सांगाड्याच्या घोट्याच्या स्प्रिंगा काढल्या आणि मांडीच्या हाडापासून घोट्याच्या खालपर्यंत कातड्याची एक वादी ताणून बांधली. नालबंदाने ती कमावून दिली होती, आणि नंतर येऊन बाईंच्या गाठीला नावंही ठेवली होती. आता कोणी सांगाड्याचा घोटा हलवायला गेलं की गुडघा बरोबर यायचा.

चांदणी तीन महिने खणात राहिली. मामा तिच्याशी सकाळ-संध्याकाळ बोलायचा, आणि अंगठा चुकवून उभा राहायचा. ब्याण्णवाव्या दिवशी त्याने बाईंना निरोप पाठवला. त्या पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई आधीच आलेली होती, आणि दाराशी, आत यावं की नाही अशा बेताने, जुना विभागप्रमुख उभा होता. काखेत पुस्तक. नुकतंच छापून आलेलं, बांधणीच्या डिंकाचा वास अजून येत होता.

त्याने ते बाईंना दिलं नाही. मामाला दिलं, घोट्याचं पान उघडून. दुसरा फोटो तिथेच होता, काढला नव्हता. मामा सावकाश, अक्षर अक्षर लावत, मोठ्याने वाचू लागला. “ही सांध्याची हालचाल नाही. ही दुखापत आहे. निरोगी घोड्याचा पाय असा होत नाही. घोडीच्या मोतद्दाराच्या गैरहजेरीत, माझ्या अज्ञानामुळे, माझ्या हातून ही झाली, आणि मी ती लपवली.”

मामाने ते पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग पुस्तक मिटून बाईंच्या हातात दिलं आणि चांदणीचा दोर सोडला. “सर,” तो म्हणाला, “या. पाय धरा तिचा. डावा.”

तो घाबरला. त्याने बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली नाही, नुसत्या बघत राहिल्या. तो खाली वाकला, खुराच्या वरच्या पांढऱ्या कड्याला हात लावला आणि थांबला. चांदणीने एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि पाय दिला. गुडघा आणि घोटा दोन्ही एकदमच वर आले, आणि तो किती तरी वेळ तो पाय तसाच हातात धरून वाकलेला राहिला.